ॲडमिट असलेल्या पेशंटला दवाखान्यातच लकवा मारला तर: जवळ बसणाऱ्यानं काय बघायचं, कुणाला काय सांगायचं

आमच्याकडं "अंगावरनं वारं गेलं" म्हणतात, कुणी लकवा म्हणतं, कुणी पॅरालिसिस, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. घरी असं काही झालं की माणसं गाडी काढतात आणि सांगलीला नाहीतर मिरजेला पळवतात. पण पेशंट आधीच दवाखान्यात असला, दुसऱ्याच कशासाठी तरी ॲडमिट असला आणि तिथंच कॉटवर पडल्या पडल्या स्ट्रोक आला तर? आपल्याला वाटतं इथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, त्यांना कळेलच की. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, बागेत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी थर्मासमधला चहा बशीत ओतून त्यांच्या ओठाला लावला, तर डाव्या कोपऱ्यातनं चहा हनुवटीवर, तिथनं गळ्यावर आणि सदऱ्यावर ओघळला आणि आण्णांना पत्ताच नाही. मी टॉवेलनं पुसलं. डावा हात हलवत नव्हते, पण त्याच हाताला सलाईन होतं, म्हटलं सुई दुखत असेल. मी डावीकडं स्टुलावर बसलेले आणि ते सारखे उजवीकडं खिडकीकडंच बघत होते, मला वाटलं रुसलेत, आदल्या रात्री डब्यावरनं जरा बोलाचाली झालेली. विचारलं तर म्हणाले, "मला काय झालंय? काय नाही." वॉर्डात सांगितलं तर उत्तर आलं की रात्रीच्या औषधाची गुंगी असेल, राऊंडला डॉक्टर बघतील. राऊंड झाला सव्वादहाला. सिटी स्कॅन झाला साडेअकराला.

म्हणजे चहा ओघळत होता, हात पडला होता, नजर एकीकडं ओढली होती, सगळं माझ्यासमोर होतं आणि मला ते वाचता आलं नाही. मी डॉक्टर नाही. त्यानंतर डॉक्टरांना, सिस्टर लोकांना, फिजिओथेरपीवाल्यांना विचारून विचारून जे समजलं ते लिहितेय, कारण दवाखान्यात पेशंटजवळ बसायची पाळी कुणावर ना कुणावर येतेच.

१. ॲडमिट झाल्या दिवशीच करायची कामं

वॉर्डात ड्युटी बदलत राहते, सकाळच्या सिस्टर वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. आपला माणूस एरवी कसा बोलतो, त्याचं तोंड मुळातच थोडं वाकडं आहे का, जुन्या दुखण्यानं एक हात उचलतच नाही का, हे त्यांना माहिती नसतं. ते फक्त तुम्हाला माहिती असतं. म्हणून पहिल्या दिवशी मोबाईलवर दहा-पंधरा सेकंदाचा व्हिडिओ काढून ठेवा, पेशंट हसतोय, दोन्ही हात उचलतोय, दोन वाक्यं बोलतोय एवढाच. नंतर शंका आली की डॉक्टरांना दाखवायला याच्यासारखं काही नाही.

एका पिशवीत हे असू द्या:
- चालू गोळ्यांची यादी, शक्य असेल तर गोळ्यांची पाकिटंच. त्यात रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते मोठ्या अक्षरात.
- जुने रिपोर्ट, ईसीजी, आधी स्कॅन काढला असेल तर त्याची फिल्म.
- कशाची ॲलर्जी आहे, आधी कधी लकवा मारलाय का, डोक्यात रक्तस्राव झालाय का, याची चिठ्ठी.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते, विम्याची कॉपी, आणि यांच्या झेरॉक्स. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, आपली केस योजनेत बसते का ते त्यांना सुरुवातीलाच विचारून ठेवा.
- वही आणि पेन. हे सगळ्यात जास्त लागतं.

आणि तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. रात्री काही झालं तर वॉर्डात कुठले डॉक्टर असतात? सिटी स्कॅन इथंच आहे का, आणि रात्री चालू असतो का? मेंदूचे डॉक्टर बोलावले तर येतात का? विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता आणि म्हणून मी विचारलंच नाही. मग त्या दिवशी कळलं की स्कॅनला पेशंट दुसरीकडं न्यावा लागतो आणि स्ट्रेचर, लिफ्ट, ॲम्ब्युलन्स यातच अर्धा तास गेला.

२. कुणावर जास्त लक्ष ठेवायचं

हृदयाचं ऑपरेशन, अँजिओग्राफी किंवा मानेतल्या रक्तवाहिनीचं काही केलं असेल तर. हृदयाचे ठोके अनियमित पडणारा पेशंट. आधी स्ट्रोक येऊन गेलेला. बीपी, शुगर, सिगारेट-तंबाखू, मोठं इन्फेक्शन, कॅन्सर, अंगातलं पाणी फार कमी झालेलं, यात पण धोका वाढतो. आणि ज्याची रक्त पातळ व्हायची गोळी ऑपरेशनसाठी थांबवली आहे तो.

आण्णांचं हेच होतं. ठोके अनियमित म्हणून ती गोळी दोन वर्षं चालू होती, ऑपरेशनसाठी थांबवली. थांबवावी लागतेच, नाहीतर रक्तस्राव होतो, यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण "परत कधी चालू करायची?" हा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नाही. तुम्ही विचारा, आणि उत्तर वहीत लिहा. स्वतःच्या मनानं मात्र ती गोळी बंदही करू नका आणि चालूही करू नका.

३. ओळखायचं कसं

इथं जरा थांबून वाचा. पाच गोष्टी आहेत आणि यातली कुठलीही एक *अचानक* झाली तरी पुरे, सगळ्या एकदम दिसायची वाट बघायची नाही.

तोंड. हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. एक कोपरा खाली ओढलेला दिसतो. चहा-पाणी एका बाजूनं ओघळणं हीसुद्धा तीच खूण.

हात. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर, दहा आकडे मोजेपर्यंत धरायला सांगा. एक हात खाली यायला लागला किंवा उचललाच नाही तर समजा. झोपून असलेल्या पेशंटचे दोन्ही हात तुम्ही उचलून द्या आणि "धरून ठेवा" म्हणा. पायाचं पण तसंच, ज्या पायाचं ऑपरेशन झालंय तो सोडून.

बोलणं. एक साधं वाक्य म्हणून घ्या, "आज बाजारात कांदा स्वस्त झाला" असलं काहीही. जीभ जड येते, शब्द भलतेच येतात, किंवा तुम्ही काय म्हणताय ते त्याला कळतच नाही. आणि हे पेशंटच्या स्वतःच्या भाषेत करा. मिरजेत अथणी, चिक्कोडीकडचे किती पेशंट येतात, कन्नड बोलणारा म्हातारा मराठी सिस्टरला नीट उत्तर देत नसेल तर ती भाषेची अडचण का मेंदूची, हे फक्त त्याच्या घरचाच माणूस सांगू शकतो.

डोळे. एका बाजूचं दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, नजर एकाच बाजूला ओढलेली राहणं.

तोल. उठून बसवलं की एका बाजूला कलंडणं, अचानक गरगरणं आणि त्यासोबत उलटी. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखायला लागलं आणि पेशंट पेंगायला लागला तर तेही लगेच सांगा, मेंदूत रक्तस्राव असला तर असं होऊ शकतं.

आता दवाखान्यात हे सगळं लपतं कसं, ते बघा. सलाईनचा हात हलत नाही, वाटतं सुई दुखतेय. ऑपरेशनचा पाय हलत नाही, वाटतं साहजिक आहे. बडबडतोय, वाटतं भूल उतरली नाही किंवा भ्रम झालाय. नुसता झोपतोय, वाटतं विश्रांती घेतोय. प्रत्येक खुणेला वॉर्डात एक सोपं कारण तयार असतं आणि तिथंच आपण फसतो. कारण सापडलं तरी हात उचलून बघाच.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही पेशंटना स्वतःची डावी बाजू गेलेली कळतच नाही. ते मनापासून सांगतात की मला काही झालं नाही. आण्णा खोटं बोलत नव्हते, त्यांच्या लेखी तो हातच नव्हता. तेव्हा "तुम्हाला बरं वाटतंय का?" हे विचारून समाधान मानू नका. करून बघायला लावा.

आयसीयूत आपल्याला पाच-दहा मिनिटंच सोडतात. तेवढ्यात दोन्ही बाजूचे हात-पाय सारखे हलतात का, नजर सारखी फिरते का, एवढं बघा. झोपेचं औषध बंद करूनही पेशंट शुद्धीवर येत नसेल तर तसं विचारा.

४. घड्याळ बघा आणि लिहा

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "कधी झालं?" असा वाटतो, पण त्यांना हवं असतं ते वेगळं: पेशंट *शेवटचा चांगला* कधी होता. तुम्हाला कळलं कधी, हे नव्हे. औषध द्यायचं का नाही ते या वेळेवर ठरतं.

आम्हाला विचारलं तेव्हा मी म्हटलं सात, भाऊ म्हणाला रात्री साडेनऊला चांगले होते, आणि त्या हिशोबानं तर चौदा तास होऊन गेलेले. मग आई फोनवर म्हणाली, अगं पहाटे त्यांनी मला फोन केलता की, बागेला पाणी सोडलं का विचारायला. तिच्या मोबाईलमध्ये कॉलची वेळ होती ५:४२. स्पष्ट बोलत होते, स्वतःच्या हातानं फोन लावलेला. साडेनऊ आणि ५:४२ यात आठ तासांचा फरक आहे, आणि ती वेळ आईच्या फोनमध्ये सापडली. तेव्हा कॉल, व्हॉट्सॲपचे मेसेज, शेजारच्या कॉटवरचा पेशंट, झाडायला आलेल्या मावशी, सगळ्यांना विचारा. पेशंट झोपेतनं उठला तोच असा असेल तर झोपताना चांगला होता ती वेळ धरतात. तरीपण आता उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, काही पेशंटना स्कॅन बघून नंतरसुद्धा उपचार देता येतात.

५. कुणाला सांगायचं आणि कुठल्या शब्दांत

बेल वाजवून वाट बघत बसू नका. उठून नर्सिंग काउंटरला जा. "जरा बघता का, आण्णा बरोबर वाटत नाहीत" असं मी म्हटलं होतं. असं म्हटलं तर कुणीही म्हणणार बघतो. त्यापेक्षा हे म्हणा:

"सिस्टर, कॉट नंबर बाराच्या पेशंटला स्ट्रोक आल्यासारखं वाटतंय. डावा हात उचलत नाहीत, तोंड वाकडं झालंय. ५:४२ ला चांगले होते. डॉक्टरांना आत्ता बोलवा."

स्ट्रोक हा शब्द, कुठली बाजू, आणि वेळ. या तीन गोष्टी आल्या की समोरच्यालाही पुढं काय करायचं ते कळतं, कारण त्यांनाही वरच्या डॉक्टरांना फोनवर हेच सांगायचं असतं. पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर वॉर्डचे डॉक्टर, मग ज्यांच्या नावावर ॲडमिट आहे ते डॉक्टर, नाहीतर खाली कॅज्युअल्टीत जाऊन सांगा. आवाज चढवू नका, भांडणात वेळ तुमच्याच पेशंटचा जातो. पण हटू पण नका. राऊंडची वाट बघायची नाही, बिलकुल नाही.

"आणि काहीच नसलं तर?" ही भीती सगळ्यांना असते. सांगते. गेल्या वर्षी सासूबाई तापानं ॲडमिट होत्या, दुपारी बोलता बोलता जीभ जड झाली, उजवा हात ढिला पडला. मी धावत गेले आणि वरच्यासारखंच सांगितलं. सिस्टरनी आधी बोटातनं शुगर बघितली, ४२. शिरेतनं ग्लुकोज दिलं आणि दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई "मला काय गं झालं" म्हणून नीट बोलायला लागल्या. स्ट्रोक नव्हता, शुगर उतरली होती. कुणी रागावलं नाही, उलट सिस्टर म्हणाल्या बरं झालं लगेच आलात. शुगर कमी होणं, फिट येऊन जाणं, सोडियम कमी होणं, झोपेची औषधं, यानं असं हुबेहूब दिसू शकतं, आणि तेही लवकर कळलेलंच बरं असतं. वेगळं काढायचं काम डॉक्टरांचं, आपलं काम सांगायचं.

६. डॉक्टर येईपर्यंत

तोंडातनं काही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, साखर-पाणी नाही, गोळी नाही. गिळायचे स्नायू ढिले पडलेले असू शकतात आणि घोट फुप्फुसात जातो. मी आण्णांना त्या दिवशी सात ते दहा यात दोनदा चहा आणि एक बिस्कीट दिलं, नशीब ठसका लागला नाही.

ॲस्पिरिन तर अजिबात देऊ नका. हार्ट अटॅकला देतात म्हणून कुणीतरी खिशातनं काढतंच. स्ट्रोक दोन तऱ्हेचा असतो, एकात गुठळीनं रक्तवाहिनी बंद होते, साधारण दहातले आठ-नऊ असे, आणि बाकीच्यात रक्तवाहिनी फुटते. बाहेरनं दोन्ही सारखेच दिसतात, स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि फुटलेलीवर रक्त पातळ करणारं औषध म्हणजे आगीत तेल. बीपीची गोळीही मनानं नको, बीपी किती ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात, एकदम उतरवलं तर मेंदूला मिळणारं रक्त अजून कमी होतं.

उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. लुळा पडलेला हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. नाकाला कांदा लावणं, चोळणं, तेल लावणं नको. एकानं पेशंटजवळ थांबा, दुसऱ्यानं पिशवी काढा.

७. पुढचा तासभर काय काय होतं

शुगर बघतात, बीपी बघतात, डॉक्टर हात-पाय-बोलणं तपासून मार्क देतात आणि लगेच डोक्याचा सिटी स्कॅन. घाई कशासाठी तर मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला साधारण १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब आहे.

गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन शेवटच्या चांगल्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत देतात, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. पण ॲडमिट पेशंटचं इथं एक वेगळं असतं. गेल्या १४ दिवसांत मोठं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा रक्त पातळ व्हायचं औषध अंगात असेल, तर हे इंजेक्शन सहसा टाळतात, कारण रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सगळं खरं सांगा, काहीही लपवू नका. इंजेक्शन देता येत नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी मांडीतनं किंवा मनगटातनं नळी घालून ओढून काढतात, ती सहा तासांपर्यंत, आणि स्कॅन बघून निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात. ऑपरेशन झालेल्या पेशंटलाही ते होऊ शकतं. तेव्हा "गुठळी काढता येईल का?" हे तुम्ही तोंडानं विचारा. आम्ही विचारलं तेव्हा उशीर झाला होता, स्कॅनमध्ये तेवढा भाग आधीच गेलेला दिसत होता.

ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. हलवायचं ठरलं तर निघायच्या आधी समोरच्या दवाखान्याला फोन करून विचारा की गुठळी काढणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का. सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून पुणं शंभराच्या वर, तिथं पोचून "डॉक्टर नाहीत" ऐकायची वेळ येऊ नये. ऑक्सिजन असलेली ॲम्ब्युलन्स घ्या, दवाखान्याची नसेल तर १०८. सोबत स्कॅनची सीडी, केस पेपरची कॉपी, दिलेल्या औषधांच्या वेळा. सीडी मिळेपर्यंत स्कॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पुढं पाठवायला डॉक्टरांना सांगा. एक जण बिलाला आणि योजनेच्या कागदांना मागं थांबेल, पण कागदासाठी पेशंट थांबवू नका.

८. अजून दोन-तीन ठिकाणी माणसं फसतात

पंधरा मिनिटं हात लुळा पडला आणि परत चांगला झाला, म्हणून सांगितलंच नाही. हा धोक्याचा इशारा असतो, मोठा झटका पुढच्या दोन दिवसांत यायची भीती सगळ्यात जास्त. आपोआप गेलं तरी सांगायचं.

नातेवाईकांचा सल्ला. आण्णांच्या वेळी तीन जणांनी तीन गावांची नावं सांगितली, तिथं वाऱ्याचं औषध मिळतं म्हणून. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. माणसं मायेनंच सांगतात, पण त्यासाठी डिस्चार्ज मागणं म्हणजे पहिल्या दिवसातले मोलाचे तास घालवणं. फिजिओथेरपी डॉक्टर म्हणतील तेव्हापासून सुरू करा, आण्णा आता काठी घेऊन बागेपर्यंत जातात ते तिच्यामुळंच. डावा हात अजून बशी धरत नाही.

आणि गिळायची तपासणी झाल्याशिवाय भेटायला आलेल्या कुणालाही नारळपाणी पाजू देऊ नका. कॉटच्या डोक्याशी चिठ्ठी लावा, "तोंडातून काही देऊ नये".

९. बसणारा माणूस बदलताना

हे आमच्या घरात आता नियमानं करतो. रात्री भाऊ आला की मी नुसतं "बरे आहेत" म्हणून निघत नाही. दोघांनी मिळून हसायला लावायचं, हात उचलायला लावायचं, वाक्य म्हणून घ्यायचं, आणि वहीत वेळ टाकायची. दोन मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात आण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला एक रात्र होते, त्या पानावर माझ्या भावाच्या अक्षरात एवढंच आहे: रात्री ९:१०, ताईसमोर बघितलं. उजवा हात चांगला, डावा नेहमीएवढाच. तोंड नेहमीसारखं. बोलले, "पाणी सोडलंत का बागेत?"